खंडातील देश आणि बालवाडीतील मूल : 'जवळून दूर' या तत्त्वाची चिकित्सा

प्रस्तावना

बालशिक्षणाच्या चर्चेत भूगोलाला फारसे स्थान नसते. भाषा, अंकओळख, गाणी, गोष्टी, सवयी आणि आरोग्य यांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात जगाची प्रतिमा कशी आकार घेते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक ही प्रतिमा प्राथमिक शाळेच्या आधीच घडू लागलेली असते. घरातील दूरदर्शन संच, भ्रमणध्वनीचा पडदा, गल्लीतील फलक, परदेशी गेलेला एखादा नातेवाईक यांच्याद्वारे दूरचे देश मुलाच्या कानावर आणि डोळ्यांवर येतच असतात. प्रश्न एवढाच उरतो की, बालवाडी या सामग्रीचे काय करते?

आज महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जाताना दिसतात. पहिले उत्तर शहरी इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांचे आहे. तेथे छोट्या आणि मोठ्या गटातील मुलांकडून सात खंडांची नावे, खंडातील देश, त्यांच्या राजधान्या आणि ध्वज पाठ करून घेतले जातात. स्नेहसंमेलनात त्यांचे प्रदर्शन होते आणि अधूनमधून एखाद्या बालकाच्या 'विक्रमा'ची बातमीही वाचावयास मिळते. दुसरे उत्तर अंगणवाडीचे आणि मराठी बालवाडीचे आहे. तेथे मी, माझे घर, माझे कुटुंब, माझा गाव, माझे मदतनीस अशा क्रमाने विषय येतात. खंड आणि देश हे 'पुढच्या इयत्तांचे' मानले जातात. पहिल्या ठिकाणी जग यादीच्या रूपाने येते, तर दुसऱ्या ठिकाणी ते येतच नाही.

प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांची चिकित्सा करावयाची आहे. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे 'दूर' हे अंतर किलोमीटरमध्ये मोजावयाचे असते हा. मुलाच्या जवळच्या वस्तूंमध्येच दूरचे खंड वस्तीला आलेले आहेत, ही बाब दोघांच्याही नजरेतून सुटते. कोल्हापूर परिसरातील उदाहरणे आणि दक्षिण अमेरिका हे खंड यांच्या आधारे ही भूमिका स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

'जवळून दूर' : एका सूत्राचा प्रवास

आपल्या अध्यापक विद्यालयांतून शिकविली जाणारी अध्यापनाची सूत्रे सर्वपरिचित आहेत. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, सोप्याकडून कठिणाकडे हा क्रम पेस्टालॉत्सीपासून (१७४६-१८२७) चालत आलेल्या विचारपरंपरेचा वारसा होय. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाची जी कल्पना प्रत्यक्षात आणली, तिच्यातही मुलाच्या सभोवतालच्या सृष्टीला प्रथम स्थान होते. एकोणिसाव्या शतकात भूगोल म्हणजे भूशिरे, उपसागर, नद्या आणि राजधान्या यांच्या नावांची घोकंपट्टी असे समीकरण झालेले होते. त्या पार्श्वभूमीवर परिसरापासून आरंभ करा, हा आग्रह निश्चितच क्रांतिकारक होता.

महाराष्ट्रातील प्राथमिक भूगोलाची रचनाही याच धोरणाने झाली. तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार निघाली, त्यानंतर राज्य, पुढे देश आणि मग जग अशी वर्तुळे विस्तारत गेली. एका केंद्राभोवती पसरत जाणारी ही वर्तुळांची रचना व्यवस्थापनाच्या दृष्टीने सोयीची आहे. मात्र येथेच सूत्राच्या अर्थात एक सूक्ष्म बदल झाला, आणि त्याची दखल घ्यावयास हवी. मूळ सूत्र 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' असे आहे. 'जवळून दूर' असे नाही. जे जवळ आहे ते ज्ञात असतेच असे नाही आणि जे दूर आहे ते अज्ञात असतेच असेही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील पाच वर्षांच्या मुलाला 'तालुका' ही संकल्पना ठाऊक नसते. परंतु निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अर्जेंटिनाचा ध्वज त्याला निश्चितपणे ओळखता येतो. त्याच्या दृष्टीने ज्ञात कोणते आणि अज्ञात कोणते?

कॅनडातील शिक्षणविचारवंत कीरन ईगन यांनी १९८०च्या दशकापासून या विस्तारत्या वर्तुळांच्या कल्पनेवर जो आक्षेप घेतला, तो या संदर्भात महत्त्वाचा आहे. लहान मुले राक्षस, पऱ्या, समुद्रापलीकडची राज्ये यांत सहज रमतात. केवळ जवळचेच त्यांना कळते असे मानल्यास या रमण्याचा उलगडा होत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. मराठी मुलाला हे वेगळे सांगावयास नको. 'सात समुद्र पलीकडे' या शब्दांनी सुरू होणारी गोष्ट ऐकताना कोणत्याही मुलाने आधी आपला तालुका शिकवा असा हट्ट धरल्याचे ऐकिवात नाही.

माँटेसरी : आधी पृथ्वी, मग देश

बालशिक्षणातील एका मोठ्या परंपरेने हा क्रम उलटा लावलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हाती प्रथम पृथ्वीचा गोल येतो. या गोलावर जमीन खरखरीत आणि पाणी गुळगुळीत असते. डोळ्यांआधी बोटांना जमीन आणि पाणी यांतील भेद कळतो. त्यानंतर खंडांचा रंगीत गोल येतो आणि मग लाकडी जोडनकाशा, म्हणजे खंडांचे सुटे तुकडे चौकटीत बसवावयाचा नकाशा. पुढे प्रत्येक खंडाचा स्वतंत्र जोडनकाशा असतो व त्यात देशांचे तुकडे असतात. येथे प्रवास पूर्णाकडून अंशाकडे आहे. मूल आधी पृथ्वी हातात घेते आणि आपले घर त्या पृथ्वीवर नंतर शोधते.

माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यार येथे आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचे वास्तव्य भारतात राहिले. या काळात देशभरातील असंख्य शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रशिक्षण घेतले. त्यामुळे ही साधने भारताला नवी नाहीत. तथापि या पद्धतीचीही चिकित्सा आवश्यक आहे. देशांची नावे देताना तीन पायऱ्यांचा पाठ वापरला जातो. 'हा ब्राझील', 'ब्राझील कोणता ते दाखव', 'हा कोणता?' अशा त्या पायऱ्या होत. रंग, आकार, पोत यांच्यासाठी हा पाठ अत्यंत परिणामकारक आहे, कारण लाल किंवा खरखरीत या शब्दाचा संपूर्ण अर्थ मुलाच्या हातात असतो. ब्राझील या शब्दाचा अर्थ मात्र त्या लाकडी तुकड्यात नसतो. तुकडा अचूक बसविता आला आणि नाव अचूक सांगता आले, तरी मुलाला ब्राझीलविषयी काय कळले, हा प्रश्न शिल्लकच राहतो. उत्तम साधनही अशा वेळी घोकंपट्टीचे सुबक रूप ठरू शकते.

ताराबाई मोडक आणि अपुरे राहिलेले देशीकरण

माँटेसरी पद्धतीचे मराठी भूमीत रोपण करण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांच्याकडे जाते. गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगर येथे त्यांनी हे कार्य आरंभिले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र आणि १९५७ पासून कोसबाड हा त्यांच्या कार्याचा प्रवास सर्वज्ञात आहे. अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या पश्चात ते कार्य पुढे नेले. महागडी साधने खेड्यातील गरीब मुलांना परवडणारी नाहीत, हे ओळखून ताराबाईंनी खडे, शंखशिंपले, पाने, बिया, माती यांतून शैक्षणिक साधने सिद्ध केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या आंगणात जावे, हा त्यांचा विचार 'अंगणवाडी' या शब्दात आजही जिवंत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो शब्द देशभर नेला.

ताराबाईंच्या या कार्याचे मर्म काय, याचा विचार केला पाहिजे. त्यांनी साधने बदलली, परंतु मुलाची योग्यता कमी लेखली नाही. दादरच्या मुलाला जे ज्ञान योग्य ते बोर्डीच्या मुलालाही योग्य, फक्त त्याचे माध्यम त्याच्या आंगणातले असावे, अशी ही भूमिका होती. पुढील विस्तारात मात्र पोषण, वजन, लसीकरण यांना साहजिकच अग्रक्रम मिळाला आणि शिक्षणाचा भाग घर व गाव यांच्या सीमेत स्थिरावला. गणनेच्या मण्यांना चिंचोके हा पर्याय मिळाला. पृथ्वीगोलाला मात्र आंगणातला पर्याय शोधला गेला नाही. देशीकरणाचे हे कार्य या एका बाबतीत अपुरे राहिले, असे म्हणावे लागते.

याचा परिणाम केवळ शैक्षणिक नाही, तो सामाजिक आहे. ज्या पालकाची ऐपत आहे, त्याच्या मुलाला चौथ्या वर्षी जग मिळते. मग ते यादीच्या रूपाने का असेना. ज्याची ऐपत नाही, त्याच्या मुलाला 'परिसर' मिळतो. 'जवळून दूर' हे सूत्र अशा रीतीने कोणाला किती जग मिळावे हे ठरविणारी सीमारेषा बनते. परिसरप्रेमाच्या नावाखाली आपण अंगणवाडीतील मुलाला जगापासून वंचित ठेवत आहोत काय, असा प्रश्न बालशिक्षणाच्या अभ्यासकांनी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.

यादीचे शिक्षण

आता पहिल्या उत्तराकडे वळू. देश आणि राजधान्यांच्या यादीचे समर्थन करताना दोन कारणे दिली जातात. लहान वयात स्मरणशक्ती तीव्र असते हे एक, आणि पुढे स्पर्धा परीक्षांना उपयोग होतो हे दुसरे. पहिले कारण खरे असले तरी ते कशाचेही समर्थन करू शकते. तीव्र स्मरणशक्तीत काय भरावे, याचे उत्तर त्यात नाही. दुसरे कारण तर तपासणीत टिकतच नाही. २०११च्या जुलैपूर्वी आफ्रिकेतील सर्वांत मोठा देश सुदान होता. दक्षिण सुदान स्वतंत्र झाल्यानंतर तो मान अल्जीरियाकडे गेला. स्वाझीलंडने २०१८ मध्ये आपले नाव एस्वातिनी असे केले. यादी शिळी होते. बालवाडीत पाठ केलेली यादी पदवीच्या वर्षापर्यंत ताजी राहील, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

यापेक्षाही गंभीर बाब म्हणजे यादीमुळे मुलाचे जगाशी जडणारे नाते. यादीत प्रत्येक देश हा दुसऱ्या देशासारखाच एक शब्द असतो. त्याला वास नसतो, चव नसते, माणसे नसतात. प्रश्न विचारण्यास तेथे वाव नसतो, कारण यादीतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. 'अर्जेंटिना?' 'ब्युनोस आयर्स.' संवाद येथे संपतो. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' या अहवालात आकलनाविना माहिती लादण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते आणि शिशुवर्गातील प्रवेशासाठीच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सुचविले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानुसार २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनीही तीन ते आठ या वयोगटासाठी खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. तरीही यादी टिकून आहे, कारण ती दाखविता येते. कुतूहल रंगमंचावर सादर करता येत नाही, राजधान्या सादर करता येतात.

नकाशाच्या बाबतीतही असेच घडते. भिंतीवरील जगाचा नकाशा पुष्कळदा मर्केटरच्या १५६९ मधील प्रक्षेपणावर आधारलेला असतो. समुद्रप्रवासासाठी सिद्ध केलेल्या या नकाशात ध्रुवांकडील प्रदेश अवास्तव मोठे दिसतात. ग्रीनलंड दक्षिण अमेरिकेच्या बरोबरीचे भासते. प्रत्यक्षात दक्षिण अमेरिका त्याच्या सुमारे आठपट आहे. ज्या वयात डोळ्यांना दिसेल तेच खरे मानले जाते, त्या वयात भिंतीवरचा नकाशा हे पहिले साधन असणे योग्य नव्हे. गोल हेच पहिले साधन असावयास हवे.

पेरू नावाचा देश

येथे एक पर्याय विचारार्थ मांडावासा वाटतो. दक्षिण अमेरिका खंडात बारा स्वतंत्र देश आहेत. फ्रेंच गयाना हा प्रदेश फ्रान्सचा भाग आहे. कोल्हापूरहून हे खंड पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूस येते. वर्तुळांच्या हिशेबाने ते सर्वांत शेवटी शिकवावयाचे खंड होय. परंतु कपिलतीर्थ मंडईत भाजीच्या पाट्यांसमोर उभे राहिले असता हेच खंड सर्वांत जवळचे असल्याचे ध्यानात येते.

पेरू हे फळ मराठी मुलाला बोलता येण्यापूर्वीच माहीत असते. हे झाड मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. 'पेरू नावाचा एक देश आहे' हे वाक्य बालवाडीत उच्चारून पाहावे. त्या वाक्यात आश्चर्य आहे, विनोद आहे आणि प्रश्नांची मालिका आहे. तेथे घरेही पेरूची असतात का? तेथील लोक पेरूच खातात का? देशाला फळाचे नाव की फळाला देशाचे? यांपैकी एकाही प्रश्नाला राजधानीचे नाव हे उत्तर नाही. याच देशातील व शेजारच्या बोलिव्हियातील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी बटाट्याची लागवड सुरू झाली. 'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे उपवासाच्या दिवशी ताटात येणारी बटाट्याची भाजी ही अँडीजची पाहुणी होय.

चंदगड आणि आजरा तालुक्यांतील मुलाच्या घरामागे काजूचे झाड असते. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो गोव्यात आणला आणि तेथून तो सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पोहोचला. 'काजू' हा शब्दच ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे. चंदगडचे मूल काजू म्हणते तेव्हा ते नकळत ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचा शब्द उच्चारत असते. 'अननस' या शब्दाची कुळकथाही अशीच आहे. तुपी आणि तिची भगिनी असलेली गुआरानी या भाषांच्या कुळातून तो आला आणि गुआरानी ही आज पराग्वेची एक राजभाषा आहे. भुईमूग दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना या पट्ट्यात प्रथम पिकविला गेला. भाजलेल्या शेंगा फोडणाऱ्या कोल्हापूरच्या मुलाच्या मुठीत अशा रीतीने दोन देश असतात.

याला फुटबॉलची जोड मिळते. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या समर्थकांचे तट पडतात, चौकाचौकांत ध्वज आणि खेळाडूंचे भव्य फलक उभे राहतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिनाने कतारमध्ये अंतिम सामना जिंकला. आपल्या तालमीचा संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर खेळताना पाहणाऱ्या मुलाला अर्जेंटिना हे नाव परके नाही. मात्र हा ध्वज ज्या माणसांचा आहे, ती माणसे काय खातात, कोणती भाषा बोलतात, त्यांच्याकडे आत्ता दिवस आहे की रात्र, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बालवाडीला येथे आयते प्रवेशद्वार उपलब्ध आहे.

पेरू, ब्राझील, बोलिव्हिया, अर्जेंटिना आणि पराग्वे असे बारांपैकी पाच देश एका परडीतून येऊ शकतात. ही परडी अंगणवाडी सेविकेस भरता येते. गोल हवा असल्यास जुन्या चेंडूवर डिंक लावून वाळू चिकटविता येते. जेथे वाळू तेथे जमीन, उरलेले पाणी. माँटेसरींच्या खरखरीत गोलाचे हे आंगणातील रूप ताराबाईंच्या परंपरेस साजेसेच ठरेल. चेंडूवर एका बाजूस कोल्हापूरची टिकली आणि दुसऱ्या बाजूस पेरूची टिकली लावली, की मधला प्रवास बोटाने करता येतो.

या ठिकाणी भाषेचा मुद्दा उपस्थित करणे आवश्यक आहे. इंग्रजी शिशुवर्गात हे फळ 'ग्वाव्हा' म्हणून शिकविले जाते आणि 'पेरू' हा केवळ यादीतील देश उरतो. त्या मुलाच्या घरात पेरू असतो, वर्गात ग्वाव्हा असतो आणि नकाशावर पुन्हा पेरू असतो. परंतु तिघांची गाठ पडत नाही. मातृभाषेतील शिक्षणाचे समर्थन आपण बहुधा संस्कृती आणि अस्मिता यांच्या आधारे करतो. येथे त्याचा निव्वळ बोधात्मक लाभ दिसून येतो. मराठी बालवाडीकडे जगाकडे नेणारा एक शब्द आहे आणि तो न वापरणे ही तिची स्वतःची हानी आहे.

कोल्हापुरातच या दिशेने विचार करण्याची परंपरा आहे. लीलाताई पाटील (१९२७-२०२०) यांनी १९८५ मध्ये येथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षण अर्थपूर्ण असावे आणि त्या अर्थातूनच आनंद निर्माण व्हावा, ही त्यांची धारणा होती. ती शाळा प्राथमिक स्तराची असली तरी मुलाच्या अनुभवातून ज्ञानापर्यंत जाण्याचा तिचा मार्ग बालवाडीसही लागू पडतो. जोंधळा, शेंगा आणि काजू यांना शैक्षणिक प्रतिष्ठा देणे हा त्याच मार्गाचा विस्तार होय.

आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूने येईल. जाँ पियाजे आणि अँ-मारी वेल यांनी १९५१ मध्ये जिनिव्हातील मुलांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लहान मुलांना जिनिव्हा हे शहर स्वित्झर्लंड या देशात आहे, हा अंश-पूर्ण संबंध उमगत नसल्याचे दिसून आले. एखादे मूल या दोहोंना शेजारी शेजारी मानते, एकात एक मानत नाही. तेव्हा खंडात देश, देशात गाव हे बालवाडीतील मुलास कळणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याचा निष्कर्ष खंड शिकवू नये असा निघत नाही; खंड आणि देश यांची व्याख्या विचारू नये, असा निघतो. किंबहुना याच न्यायाने 'माझे गाव, माझा तालुका, माझा जिल्हा' ही वर्तुळेही त्या वयात कळणारी नाहीत. शिवाय जेम्स ब्लाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, शाळेत नकाशा न शिकलेली पाच-सहा वर्षांची मुलेही आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतील घरे आणि रस्ते ओळखू शकतात. मुलाच्या क्षमता एकसारख्या वाढत नाहीत; व्याख्येत ते मागे असते, चित्र ओळखण्यात पुढे असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वस्तूंतून देश शिकविताना त्या देशाची एकच ठोकळेबाज प्रतिमा मुलाच्या मनात रुजण्याचा धोका संभवतो. आफ्रिकेच्या बाबतीत हे घडलेलेच आहे. बालवाडीच्या तक्त्यांवर आफ्रिका म्हणजे सिंह, जिराफ आणि हत्ती असतात. माणसे बहुधा नसतातच. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात असत आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील चित्ते कुनो येथे सोडण्यात आले, ही माहिती मुलांना आवडेल यात शंका नाही. परंतु केवळ चित्त्याच्या मार्गाने गेल्यास आफ्रिका पुन्हा प्राण्यांचे खंड ठरते. त्याऐवजी जोंधळ्याच्या भाकरीचा मार्ग घ्यावा. जोंधळा सुदानच्या परिसरात आणि नाचणी इथिओपिया-युगांडाच्या उंचवट्यांवर प्रथम माणसाळली गेली. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून जे धान्य घडविले, ते आज राधानगरीच्या आणि पन्हाळ्याच्या चुलीवर भाजले जाते. चित्ता आफ्रिकेतील अरण्य दाखवितो; भाकरी आफ्रिकेतील शेतकरी दाखविते. कोणती वस्तू निवडावयाची, हा निर्णय म्हणूनच निरुपद्रवी नसतो. ज्या वस्तूमागे माणसाचे श्रम दिसतात ती वस्तू निवडावी, हा निकष येथे सुचवावासा वाटतो.

तिसरा मुद्दा इतिहासाचा आहे. अमेरिका खंडांतील पिके जगभर पसरली, त्याच प्रक्रियेत तेथील मूळ समाजांचा संहार झाला आणि आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून समुद्रापार नेली गेली. अल्फ्रेड क्रॉस्बी यांनी १९७२ मध्ये या देवाणघेवाणीचा विस्तृत आलेख मांडला. पाच वर्षांच्या मुलास हे सांगावयाचे नाही. परंतु 'पोर्तुगीजांनी आपल्याला काजू दिला' एवढ्या गोड वाक्यावरही थांबावयाचे नाही. काजूला आधी नाव देणारी माणसे कोण होती, हे सांगितले की पुढील इयत्तांतील इतिहासासाठी जागा मोकळी राहते.

चौथी मर्यादा शिक्षकाची आहे. हे सर्व करण्यासाठी बालवाडीच्या शिक्षिकेस जे ज्ञान लागते, ते तिला कोण देणार? तुटपुंज्या मानधनावर नोंदवह्यांचा भार वाहणाऱ्या सेविकेवर आणखी एक अपेक्षा लादणे अन्यायाचे होईल. येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्यातील मंडईतील वीस वस्तूंची मूळ ठिकाणे आणि शब्दांची व्युत्पत्ती नोंदविणारी एखादी सचित्र पुस्तिका तयार करणे अवघड नाही. बहुविद्याशाखीय संशोधनाची चर्चा आपण परिसंवादांतून करीत असतो. तिचा एक प्रत्यक्ष उपयोग अंगणवाडीच्या ओट्यावर होऊ शकतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. बालवाडीत खंड आणि देश शिकवावेत की नाही, हा प्रश्न मुळात चुकीच्या रीतीने विचारला जातो. ते मुलाच्या जीवनात आधीच आलेले आहेत. यादीच्या रूपाने शिकविल्यास ते निर्जीव होतात आणि 'पुढच्या इयत्तेसाठी' राखून ठेवल्यास ज्यांना पर्याय नाही अशी मुले त्यांपासून वंचित राहतात. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आजही योग्य आहे. परंतु ज्ञात कोणते हे नकाशावरील अंतराने नव्हे, तर मुलाच्या हातातील वस्तूने ठरवावयास हवे. किती देश पाठ झाले हे या शिक्षणाचे मोजमाप नव्हे. एखाद्या देशाविषयी मुलाने आपण होऊन किती प्रश्न विचारले, हे खरे मोजमाप होय.

माँटेसरींनी मुलाच्या हाती पृथ्वी दिली, ताराबाईंनी शाळा आंगणात आणली. या दोन कार्यांची सांधेजोड अद्याप व्हावयाची आहे. ती झाल्यास चंदगडच्या अंगणवाडीतील मुलाला जग पाहण्यासाठी सातवी-आठवीपर्यंत थांबावे लागणार नाही. त्याच्या परसातील काजूच्या झाडाखालीच ते त्याला भेटेल.